३२व्या सेकंदाला तुटणारा फोन : ऑफिसच्या टेलिफोनचं नेटवर्क आणि त्याची कुलपं

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनच्या काउंटरमागे मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो होतो. बाहेरून आलेला प्रत्येक फोन बोलता बोलता तुटत होता. "भाऊ, पेशंटला वाटते आम्हीच आपटून राहिलो फोन," रिसेप्शनवरची मुलगी वैतागली होती. पहिला कॉल तुटला तेव्हा स्टॉपवॉचवर ३२ सेकंद. दुसरा, पुन्हा ३२. तिसऱ्याची वाट न बघता मी राउटरचा पासवर्ड मागितला. तोवर तिथे दोन टेलिफोन सेट बदलून झाले होते आणि तिसऱ्याचं कोटेशन टेबलावर पडलं होतं.

३२ सेकंदांचा उलगडा पुढे येईलच. सिप, नॅट, व्हीलॅन, जिटर हे शब्द पाठ करायला गेलं तर आठवड्यात विसरतात. एका कॉलच्या मागे मागे चालत गेलं, की ज्याचा शब्द त्याच्या जागी बसतो. म्हणून हा लेख अकारविल्हे नाही. भिंतीवरच्या डब्यापासून सुरू करून राउटरमधून बाहेर पडायचं आणि वाटेत जिथे कुलूप हवं तिथे ते लावायचं, असा क्रम आहे. पाच-पंचवीस फोनांचं ऑफिस, दवाखाना, इतवारीतली पेढी किंवा हिंगण्याचा लहान कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी भिंतीवर काय आहे ते बघा

नवं काही घेण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि ऑफिसात बाहेरून कोणती लाइन येते ते लिहा. तीनपैकी एक असेल. पहिली जुनी तांब्याची जोडी, एका जोडीवर एका वेळी एक कॉल. दुसरी पीआरआय, म्हणजे २.०४८ एमबीपीएसची एक ई-१ लाइन, जिच्यावर एका वेळी ३० कॉल चालतात. तिसरी सिप ट्रंक, यात कॉल इंटरनेटच्या भाषेत येतात आणि एका वेळी किती चालणार ते तुम्ही घेतलेल्या चॅनेलवर ठरतं. चॅनेल आणि नंबर यांची गल्लत पुष्कळ होते. ०७१२चे, म्हणजे नागपूरच्या कोडचे, ५० नंबर घेतले आणि चॅनेल १० असले, तर अकराव्या माणसाला बिझी टोनच ऐकू येणार. प्रत्येक टेबलाला थेट बाहेरून लागणारा नंबर असतो, त्याला डीआयडी म्हणतात.

आता आतला डबा. ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्सचेंज, जुनं असेल तर त्याच्या कार्डांवर एफएक्सएस आणि एफएक्सओ अशी दोन नावं सापडतील. जिथून डायल टोन निघते ते एफएक्सएस, म्हणून तिथे टेलिफोन जोडायचा. जे दुसऱ्याची डायल टोन घेतं ते एफएक्सओ, तिथे बाहेरची लाइन जोडायची. उलटं जोडलं तर काहीच चालत नाही आणि कार्ड बिघडलं असं वाटून माणूस नवं मागवतो. असं नवं कार्ड परत करायला मी स्वतः सीताबर्डीला दोन चकरा मारलेल्या आहेत.

त्याच कागदावर लोक हमखास विसरतात अशा जोडण्याही लिहा : लिफ्टमधला फोन, चोरघंटीचा डायलर, कार्ड स्वाइपचं जुनं मशीन, फॅक्स. ही मंडळी गुपचूप एखाद्या तांब्याच्या जोडीवर बसलेली असतात. लाइन कापल्यावर पंधरा दिवसांनी कोणी लिफ्टमध्ये अडकलं की कळतं.

सौदा एका वाटेनं, माल दुसऱ्या

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा सौदा होतो तेव्हा अडत्या भाव ठरवतो, चिठ्ठीवर पोच करायचा पत्ता लिहितो आणि बाजूला होतो. माल त्याच्या हातातून जात नाही. तो ट्रकनं, वेगळ्याच रस्त्यानं, चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जातो. इंटरनेटवरचा टेलिफोन अगदी असाच चालतो आणि एवढं एक डोक्यात बसलं की पुढचे निम्मे बिघाड फोनला हात न लावता ओळखता येतात.

अडत्या म्हणजे सिप. कोणाला फोन करायचा, घंटी वाजवायची, उचलला का, ठेवला का, एवढीच बोलणी तो करतो. २००२ साली आरएफसी ३२६१ या नावानं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद) त्याचे नियम ठरले आणि आजही तेच चालतात. तो साधारणपणे ५०६० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्याच पत्त्यावरच्या एका क्रमांकाच्या दारावर, बोलतो, कुलूपबंद बोलायचं असेल तर ५०६१वर. चिठ्ठी म्हणजे एसडीपी. आवाज कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या कोडेकमध्ये पाठवायचा हे तिच्यात लिहिलेलं असतं. आणि ट्रक म्हणजे आरटीपी, प्रत्यक्ष आवाजाची पाकिटं. ती ५०६०वरून जात नाहीत. प्रत्येक कॉलला वेगळे पोर्ट लागतात. अ‍ॅस्टरिस्कवर (हे टेलिफोन यंत्रणा चालवणारं सॉफ्टवेअर) बांधलेल्या बऱ्याच यंत्रणांमध्ये ते १०००० ते २००००च्या दरम्यान असतात.

कोडेक म्हणजे आवाज बांधायची पद्धत. जी.७११ला ६४ केबीपीएस लागतात आणि आवाज जुन्या लँडलाइनसारखा स्वच्छ येतो. याचे दोन उपप्रकार आहेत. आपल्याकडे आणि युरोपात ए-लॉ चालतो, अमेरिकेत म्यू-लॉ. जी.७२९ फक्त ८ केबीपीएसमध्ये भागवतो, पण आवाज थोडा दाबलेला येतो, आणि "मराठीसाठी १ दाबा"चे सूर त्यात आवाज म्हणून पाठवले तर मोडतात. बटणाचे हे सूर म्हणजे डीटीएमएफ. सेटिंगमध्ये ते आरएफसी २८३३ किंवा ४७३३ या पर्यायावर ठेवा, म्हणजे बटण दाबल्याची खबर आवाजात न मिसळता वेगळ्या पाकिटातून जाते. बँकेचा आयव्हीआर, म्हणजे बटणं दाबायला सांगणारा रेकॉर्डेड आवाज, तुमची बटणं ऐकत नसेल तर नव्वद टक्के दुखणं इथे असतं. नेट बरं असेल तर जी.७११ ए-लॉ पहिला ठेवा आणि कोडेकची लांबलचक यादी बनवू नका.

नेट पुरतं का, ते मोजा

हिशोब सोपा आहे. जी.७११मध्ये दर २० मिलिसेकंदांनी एक पाकीट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. एका पाकिटात १६० बाइट आवाज. त्यावर वाहतुकीच्या वेष्टनांचे बाइट चढतात : आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २०. झाले २००. इथरनेटचं वेष्टन धरलं की २१८. त्याला ५०नं आणि, बाइटचे बिट करायला, ८नं गुणा : साधारण ८७ केबीपीएस, आणि हे जाताना वेगळे, येताना वेगळे. दहा कॉल एका वेळी म्हणजे दोन्ही बाजूंना ८७० केबीपीएस. आज कुठल्याही फायबरवर ही रक्कम चिल्लर आहे.

मग आवाज का फाटतो? एमबीपीएसनं गाडी अडत नाही. पाकिटं वेळेवर आणि सारख्या अंतरानं पोचत नाहीत म्हणून अडते. याचे तीन शब्द आहेत. पाकीट पोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेनं १५० मिलिसेकंदांपर्यंत बोलणं सहज वाटतं. त्यापुढे दोघंही एकदमच "हॅलो... हां बोला, बोला" करू लागतात. अंतर कमी-जास्त होणं म्हणजे जिटर, तो ३० मिलिसेकंदांच्या आत असावा. वाटेत हरवणं म्हणजे पॅकेट लॉस, तो एक टक्क्याच्या आत ठेवा.

मोजायचं कधी? सकाळी दहाला नाही. दुपारी चारला, जेव्हा अकाउंटवाला बॅकअप क्लाउडवर चढवत असतो आणि सीसीटीव्हीचा माणूस घरून कॅमेरे बघत असतो. तेव्हा ट्रंकवाल्याच्या सर्व्हरला सलग दोनशे पिंग, म्हणजे जाऊन परत यायला किती वेळ लागला ते सांगणारी छोटी पाकिटं, मारा आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. सरासरी बघून समाधान मानू नका, सरासरीत सगळं गोड दिसतं. स्पीड टेस्टमध्येही लोक डाउनलोडचा आकडा मिरवतात. टेलिफोनचा गळा अपलोडमध्ये दाबला जातो.

ऑफिसच्या आतली वाट

स्विच पीओईवाला घ्या, म्हणजे नेटच्या वायरीतूनच फोनला वीज मिळते. ८०२.३एएफ या मानकाच्या स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत मिळतात, साध्या टेबलफोनला त्यातले थोडेच लागतात. खरा फायदा असा की स्विच यूपीएसवर टाकला की लाइट गेल्यावरही सगळे फोन चालू राहतात.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आखलेले वेगळे कप्पे. फोन एका कप्प्यात, कॉम्प्युटर दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय चौथ्यात. टेबलफोनच्या मागे दोन भोकं असतात, एकात स्विचची वायर, दुसऱ्यातून कॉम्प्युटरला. एकाच वायरीवरून फोनची पाकिटं शिक्का मारून एका कप्प्यात आणि कॉम्प्युटरची बिनशिक्क्याची दुसऱ्यात, ही व्यवस्था ८०२.१क्यू करतं. कप्पे पाडायचं कारण नुसती शिस्त नाही. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर त्याला टेलिफोनची यंत्रणा दिसता कामा नये.

क्यूओएस म्हणजे पाकिटांची रांग लागली की कोणाला पुढे सोडायचं. आवाजाच्या पाकिटांवर डीएससीपी ४६, ज्याला ईएफ म्हणतात, तो शिक्का बसला पाहिजे आणि राउटरनं तो मानला पाहिजे. तुमच्या राउटरच्या पलीकडे, उघड्या इंटरनेटवर, हा शिक्का कोणी विचारत नाही. म्हणून राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली बांधा. मग रांग तुमच्याच दारात लागते आणि तिथे तुमचा नियम चालतो.

राउटर : इथेच सगळं अडतं

ऑफिसातल्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.२५ असा काहीतरी असतो. हा गल्लीतला पत्ता. असे पत्ते लाखो ऑफिसांत असतात आणि बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नाही. बाहेर जाताना राउटर त्यावर आपला सार्वजनिक पत्ता चिकटवतो, याला नॅट म्हणतात. वेबसाइट बघताना हे चालून जातं. टेलिफोनमध्ये मात्र घोळ होतो, कारण पत्ता पाकिटावर असतो तसाच आतल्या चिठ्ठीतही लिहिलेला असतो. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, चिठ्ठी उघडत नाही. समोरचा चिठ्ठी वाचून ट्रक पाठवतो १९२.१६८.१.२५वर. कळमन्याचा माल "आमच्या घरी" पोच करा, असं लिहिल्यासारखं झालं ते.

घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण "आवाज एकाच बाजूनं येऊन राहिला" अशी तक्रार आली, की समजा चिठ्ठीत गल्लीतला पत्ता गेला आहे. उपाय : टेलिफोनच्या सर्व्हरला तुमचा सार्वजनिक पत्ता कोणता आणि आतले पत्ते कोणते हे सांगणारी सेटिंग असते, ती भरा.

दवाखान्यातला ३२ सेकंदांचा रोगही याच घरातला. बाहेरून कॉल आला, यंत्रणेनं "उचलला" असं कळवलं. समोरच्यानं त्यावर "समजलं" असा निरोप, म्हणजे अ‍ॅक, पाठवायचा असतो. पण कुठे पाठवायचा याचा पत्ता पुन्हा गल्लीतलाच लिहिलेला. अ‍ॅक पोचेना. सिपचा मूळ ठोका ५०० मिलिसेकंदांचा. उत्तराची वाट त्याच्या ६४ पट बघायची असा नियम आहे. झाले ३२ सेकंद. तेवढा वेळ यंत्रणा "उचलला, उचलला" ओरडत राहिली आणि मग तिनं नियमाप्रमाणे फोन ठेवून दिला. लोक मात्र मधल्या वेळात मजेत बोलत होते, कारण आवाजाची वाट वेगळी होती आणि ती उघडी होती.

आकडा बघून रोग ओळखायची ही पद्धत आणखी एका ठिकाणी चालते. कॉल बरोबर १५ मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमर बघा. तो बहुधा १८०० सेकंदांचा असतो आणि निम्म्या वेळात, म्हणजे ९०० सेकंदांनी, "आहात ना?" असा निरोप जातो. तो फायरवॉलनं खाल्ला की कॉल पडतो.

"बाहेर फोन लागते, पण येत नाही. एकदा आपण केला की मग थोडा वेळ येते," ही तक्रार ऐकली की तिसरं दुखणं समजा. राउटर आतल्या फोनची नोंद थोडाच वेळ लक्षात ठेवतो, काही राउटर तर ३० सेकंदांतच विसरतात. फोनमध्ये कीप-अलाइव्ह, म्हणजे "मी आहे" असा अधूनमधून जाणारा निरोप, २० ते २५ सेकंदांवर ठेवा.

मग तो कुप्रसिद्ध सिप एएलजी. राउटरमधला हा हुशार कारकून चिठ्ठी उघडून स्वतःच पत्ता दुरुस्त करतो. कल्पना चांगली, काम अर्धवट. निम्म्या ठिकाणचा पत्ता बदलतो, निम्म्या ठिकाणचा विसरतो. तो बंद करा. फायबरवाल्यानं दिलेल्या डब्यात तो वेगळा चालू असतो, तिथेही बंद करा. दवाखान्यात दोन डबे एकामागे एक होते, पुढच्याचा एएलजी बंद होता आणि मागच्याचा चालू.

एक तपासणी लाइन घेतल्याच्या दिवशीच करा. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे नेटवाल्यानं मोहल्ल्यातल्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेलं पाकीट ठरावीक यंत्राकडे वळवणं, कितीही करा, बाहेरून आत काही येणार नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, मागा. ट्रंकवाल्यालाही तो बहुधा लागतोच, कारण पासवर्डऐवजी पत्ता बघून कॉल सोडायची पद्धत जास्त सुरक्षित आहे.

कुलपं

पूर्वी एसटीडीला लॉक असायचं. चावी किंवा चार आकडी पिन शेठजींकडे. चपराशी मावशीला मुंबईला फोन लावेल एवढीच भीती होती. आता तुमच्या लाइनवरून फोन लावणारा माणूस ऑफिसात पाऊलही ठेवत नाही.

वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसचा हा किस्सा, आणि चूक माझीच होती. मालकांना मोबाइलवर एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसचा आतला नंबर, हवं होतं. मी २०० नंबरचं एक्स्टेन्शन बनवलं, पासवर्ड तात्पुरता २०० ठेवला, बाहेरून चालावं म्हणून ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडं केलं आणि "उद्या बदलतो" म्हणालो. सोमवारी सकाळी फोन : "बाहेरचे फोनच लागून नाही राहिले." ट्रंकवाल्यानं लाइन थांबवली होती. लॅपटॉप लावून लॉग उघडला. शनिवारी रात्री दोनच्या पुढे ओळीच ओळी : १००, पासवर्ड चुकीचा. १०१, चुकीचा. १०२... एका सेकंदात कित्येक. मधल्या एका ओळीत २००, आणि तिच्यापुढे "चुकीचा" नव्हतं. तिथून पहाटेपर्यंत ००नं सुरू होणारे परदेशी नंबर, एकाच वेळी जितके चॅनेल तितके कॉल, प्रत्येक कॉल बराच वेळ उघडा. पलीकडे कोणी बोलत नसतं. ते महागड्या दराचे नंबर असतात, दर मिनिटाच्या पैशातला वाटा चोराला मिळतो. याला टोल फ्रॉड म्हणतात. शनिवारची रात्र निवडण्याचं कारण सरळ आहे : सोमवारपर्यंत कोणी बघत नाही. बिलातला माझा वाटा मी भरला.

तेव्हापासून मी कुलपं या क्रमानं लावतो.

पहिलं, पैशाचं. परदेशी कॉलची गरज नसेल तर आयएसडी ट्रंकवाल्याकडूनच बंद करून घ्या, शिवाय आपल्या यंत्रणेच्या डायल प्लॅनमधून, म्हणजे कोणते नंबर लावता येतात त्या यादीतून, ०० काढून टाका. गरज असेल तर तेवढेच देश, तेवढीच एक्स्टेन्शनं आणि ऑफिसच्या वेळेपुरतेच. खर्चाची दैनंदिन मर्यादा बांधून मागा. बाकी सगळी कुलपं तुटली तरी नुकसान इथे थांबतं, म्हणून हे आधी.

दुसरं, पासवर्ड. एक्स्टेन्शनचा पासवर्ड माणसाला कधी टाइप करायचाच नसतो, तो फोनमध्ये एकदा भरतात. मग १६ अक्षरांचा अगम्य ठेवायला काय हरकत आहे? फोनच्या स्वतःच्या वेबपानाचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन हाही बदला. व्हॉइसमेलचा पिन बहुधा एक्स्टेन्शनचाच नंबर असतो, तो बदलायला सगळे विसरतात.

तिसरं, फायरवॉल. ५०६० फक्त ट्रंकवाल्याच्या पत्त्यांना उघडं, बाकी जगाला बंद. पोर्टचा नंबर बदलून ५०६०चं दुसरंच काही केलं की झालं, असं सांगणारे भेटतील. त्यानं लॉगमधला गोंगाट कमी होतो, दार बंद होत नाही. यंत्रणेचं व्यवस्थापनाचं पान तर बाहेरून दिसताच कामा नये. गेस्ट कॉल, म्हणजे ओळख न दाखवता आलेले कॉल, बंद.

घरून किंवा मोबाइलवरून एक्स्टेन्शन वापरणारे असतील त्यांच्यासाठी व्हीपीएन. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन, दोन्ही फुकट आहेत. आधी बोगद्यातून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचं, मग फोन. मालक कुरकुर करतात, "एक बटण जास्त दाबावं लागते." दाबू द्या.

बाहेरचं दार उघडं ठेवावंच लागत असेल तर फेल-टू-बॅन लावा. लॉग वाचून, पाच वेळा पासवर्ड चुकवणाऱ्या पत्त्याला तो फायरवॉलवरच अडवतो. बंदी तासाची नको, निदान दिवसाची ठेवा. आपल्या ऑफिसचा पत्ता सुटीच्या यादीत टाका, नाहीतर एका फोनमध्ये चुकीचा पासवर्ड राहिला की अख्खं ऑफिस बाहेर. तेही मी करून बसलेलो आहे.

दोन जुन्या सोयी शोधून बंद करा. डिसा, म्हणजे बाहेरून ऑफिसला फोन लावून पिन टाकायचा आणि ऑफिसच्या लाइनवरून पुढे डायल करायचं. आणि एक्स्टेन्शनवरून कोणत्याही बाहेरच्या नंबरला फॉरवर्ड. दोन्ही चोराला आयत्या मिळतात.

ऑटो प्रोव्हिजनिंग कमी लोक बघतात. फोन सुरू होताना सर्व्हरकडून आपली फाइल उचलतो, फाइलचं नाव त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून असतं आणि आत पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. मॅक म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला बारा अंकी पत्ता. त्याचे पहिले सहा अंक कंपनीचे, म्हणजे सगळ्यांना माहीत. उरलेले सहा मशीन बसल्या बसल्या अंदाजानं चालवतं. हा सर्व्हर फक्त फोनांच्या व्हीलॅनमधून दिसावा.

शेवटी कूटबद्धता. वाटा दोन, म्हणून कुलपंही दोन. टीएलएस सौद्याची बोलणी झाकतं, एसआरटीपी आवाज झाकतं. गंमत अशी की एसआरटीपीची किल्ली बहुतेक वेळा चिठ्ठीतूनच, म्हणजे एसडीपीतून जाते. टीएलएस न लावता नुसतं एसआरटीपी लावलं तर कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगल्यासारखं होतं. टीएलएससाठी प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला तारीख असते. फोनचं घड्याळ चुकलेलं असेल, बरेच फोन वेळ मिळाली नाही तर १९७०मध्ये जाऊन बसतात, तर त्याला चांगलं प्रमाणपत्रही खोटं वाटतं आणि रजिस्ट्रेशन होत नाही. आधी एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ लावणं, मग टीएलएस.

कायद्याचं थोडक्यात

ट्रंक परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्या. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल सिम बॉक्समधून, म्हणजे पुष्कळ सिम कार्डं भरलेल्या डब्यातून, लोकल म्हणून उतरवणं हा गुन्हा आहे, "स्वस्तात मिनिटं देतो, फक्त डबा तुमच्या ऑफिसात ठेवू द्या" असं कोणी म्हटलं तर त्याला चहाही पाजू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. बऱ्याच डब्यांमध्ये लॉग आठवड्यात पुसले जातात, ती मर्यादा वाढवा किंवा दुसऱ्या मशीनवर पाठवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

ऊन आणि वीज

या नेटवर्कच्या संज्ञा नाहीत, पण नागपुरात नुकसान तेवढंच करतात. काचेच्या केबिनमधल्या रॅकचा एसी ऑफिस बंद करताना बंद होतो आणि नवतपात रात्रीसुद्धा आत भट्टी असते. स्विच वेडे होतात, सकाळी रीस्टार्ट केल्यावर सुधारतात आणि दोष नेटवाल्यावर जातो. रॅक भिंतीपासून सुटा ठेवा, एक एक्झॉस्ट लावा.

मे-जूनच्या विजांत एफएक्सओ कार्डं जळतात, कारण तांब्याची जोडी वीज थेट आत आणते. क्रोन बॉक्सवर, म्हणजे बाहेरच्या तांब्याच्या जोड्या जिथे येऊन जुळतात त्या डब्यावर, जीडीटीवाले (वायूच्या नळीचे) अरेस्टर बसवा आणि त्या बॉक्सला खरी अर्थिंग द्या. खिडकीच्या गजाला बांधलेली वायर ही अर्थिंग नव्हे.

बिघाड वाचायचा कसा

फोनवाल्याला बोलावण्याआधी लॉगमध्ये सिपचा तीन आकडी कोड बघा. ४०१ दिसला तर घाबरू नका, "ओळख दाखवा" असं विचारण्याची ती नेहमीची रीत आहे. तो एकामागून एक येतच राहिला तर पासवर्ड चुकीचा. ४०३ म्हणजे ओळखलं, पण परवानगी नाही : आयएसडी बंद आहे किंवा पत्ता ट्रंकवाल्याच्या यादीत नाही. ४०४, असा नंबर नाही, बहुधा ०७१२ किंवा ९१ पुढे लावण्यात घोळ. ४०८, उत्तरच आलं नाही, फायरवॉल बघा. ४८६ म्हणजे खरोखर बिझी. ४८८ म्हणजे कोडेक जुळला नाही. ५०३ आला तर पलीकडचा सर्व्हर आत्ता कॉल घेऊ शकत नाही, बऱ्याचदा चॅनेल भरलेले असतात.

कोडनं भागलं नाही तर लिनक्सच्या सर्व्हरवर एसएनग्रेप हे सिपची बोलणी दाखवणारं साधन चालवा. सौद्याची सगळी बोलणी बाणांच्या चित्रात दिसतात : इन्व्हाइट गेला, घंटी वाजली, ओके आला, अ‍ॅक... अ‍ॅकच्या जागी पुन्हा पुन्हा ओकेच दिसू लागला की घड्याळ लावायचीही गरज नाही.

दवाखान्याच्या रॅकच्या दारावर आतून मी एक कागद चिकटवून आलो आहे. ट्रंकवाल्याचा पत्ता, आपला स्टॅटिक आयपी, व्हीलॅनचे नंबर, आरटीपीचे पोर्ट, बॅकअप कुठे आहे, आणि खाली लाल पेननं : दोन्ही डब्यांत एएलजी बंद. पासवर्ड त्यावर नाहीत. ते बंद पाकिटात, डॉक्टरांच्या कपाटात.